पेट्रोलचा लेक, विजेची लेक

मेस्केलच्या सणाला गावी कोणाच्या गाडीतून जायचं, यावरून माझ्या दोन पोरांनी आठवडाभर माझं डोकं खाल्लं. देगिफे बावन्न वर्षांचा, झिनाश अडतीसची. पण भांडायला बसले की दोघांचं वय मिळून दहा भरत नाही.

देगिफेची गाडी पेट्रोलची. पांढरी, उंच, जपानी. पंधरा वर्षं जुनी असली तरी तो तिच्याबद्दल असं बोलतो, जणू काल रात्री स्वतःच्या पोटातून काढली. झिनाशची विजेची. चिनी, करडी, तेवढीच उंच, पण गुळगुळीत. आता आमच्या देशात बाहेरून गाडी आणायची तर विजेचीच आणू देतात. म्हणून तिला नाइलाजाने ती घ्यावी लागली, असं देगिफे म्हणतो. आपण डोकं चालवून घेतली, असं झिनाश म्हणते. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला डोकं आहे असं तिला वाटतं.

"एमाये, तिची गाडी म्हणजे चाकं लावलेला मोबाईल आहे," देगिफे म्हणाला. "निम्म्या वाटेत 'चार्ज संपला' म्हणून डोळे मिटेल. मग बस तू रस्त्यात."

"आणि तुझी म्हणजे चाकं लावलेली चूल," झिनाश म्हणाली. "धूर, वास, आणि दर दोन तासांनी तिच्या तोंडात काहीतरी कोंबा."

"चुलीवर तुम्हाला वाढवलंय मी," मी म्हणाले. "चुलीला नावं ठेवू नका."

दोघंही गप्प बसले. माझ्यासमोर गप्प बसायला त्यांना मी लहानपणीच शिकवलंय. बाकी काही शिकले नाहीत, पण हे शिकले.

एरवी मी म्हटलं असतं, जा कसेही, मी आपली बसने येते. पण यंदा उशीर होऊन चालणार नव्हतं. माझा नवरा वोल्डे घरातला थोरला. मेस्केलच्या दिवशी बैल कापायच्या आधी आशीर्वाद म्हणायचा मान त्याचा. तो गेल्या हिवाळ्यात गेला. पोरं राजधानीत, अदिसात वाढलेली, त्यांना आमच्या गुरागे भाषेत भांडतासुद्धा धड येत नाही, तर आशीर्वाद काय म्हणणार? शब्द कोणाला येतात? मला. सासरे गेल्यापासून चव्वेचाळीस वर्षं नवऱ्याच्या मागे उभी राहून ऐकलेत. मी गावच्या पंचांना तसं निक्षून सांगितलं. बाईने म्हणायचं म्हटल्यावर म्हाताऱ्यांनी बराच वेळ दाढ्या खाजवल्या. शेवटी त्यांच्यातले सगळ्यात वडील, गाशे नीदा, म्हणाले, "ठीक आहे, एतेते. पण सूर्य डोक्यावर यायच्या आत अंगणात हजर राहायचं. बैल अदिसच्या लोकांसाठी थांबत नाही. नाही आलीस, तर सेब्रो म्हणेल."

सेब्रो म्हणजे माझा धाकटा दीर. सगळं गाव मला एतेते म्हणतं, मानाने. तोही म्हणतो, पण त्याच्या तोंडून ते खोकल्यासारखं ऐकू येतं. एकदा त्याने आशीर्वाद म्हटला की ती जागा त्याची. मग मी आयुष्यभर मागे बायकांत उभी. माझ्या नवऱ्याच्या घरात, माझ्या पैशाने घातलेल्या छपराखाली.

सगळी माणसं आठवडा आधीच गावी जातात. पण माझा मेर्कातोच्या बाजारात लोण्याचा आणि तिखटाचा गाळा आहे, आणि सणाच्या आधीच्या चार दिवसांत जो धंदा होतो तो एरवी दोन महिन्यांत होत नाही. म्हणून आम्ही तिघं सणाच्या दिवशीच पहाटे निघणार होतो.

आता आदल्या दिवसाचं सांगते. लपवून काही उपयोग नाही, सगळ्या घराला माहीत झालंय.

झिनाशने दुपारी गाडी माझ्या अंगणात आणली, स्वयंपाकघराबाहेरच्या मोठ्या प्लगला तिची जाड वायर लावली आणि केस विंचरून घ्यायला गेली. मला प्रवासाला इंजेरा लागणार होता. थोडाथोडका नाही, चाळीस. विजेचा तवा मोठा, तो दुसऱ्या कुठल्याच प्लगवर चालत नाही. लावला की सगळ्या घराचे दिवे लाजतात. मग मी काय करणार? पीठ आंबून वर आलेलं. मी तिची वायर उपटली, माझी लावली आणि चाळीस इंजेरे काढले. एकेक असा जाळीदार, की कोणी बोट ठेवू नये. ते झाकून ठेवले, तवा पुसला आणि जाऊन पडले. तिची वायर परत लावायची राहिली. खरं सांगायचं तर राहिली नाही. तिच्या टोकाला डुकराच्या नाकासारखं काहीतरी आहे, त्याला हात लावायला मला नको वाटलं. म्हटलं, ती लावेल. ती आली ती डोकं चमकवत, आणि वायर बघायच्या आधी सगळ्या आळीची वीज गेली. वीज परत आली पहाटे, आम्ही निघताना.

"सेहेचाळीस टक्के," झिनाश आत बसून म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "वीज गेल्यामुळे. एमाये, मला वाटलं होतं भरली असेल."

"मी काय म्हणालो होतो?" देगिफे म्हणाला.

मी इंजेऱ्याची टोपली नीट केली.

मग मी माझा निकाल दिला. वाटेतल्या वोलिसोपर्यंत देगिफेच्या गाडीत, पुढे झिनाशच्या. दोघांना सारखं. लोणी, कॉफीचं पोतं, तिखट आणि टोपली देगिफेच्या गाडीत.

देगिफेच्या गाडीबद्दल खरं ते सांगते. बसलं की राजवाड्यात बसल्यासारखं वाटतं. आवाज असा, की पुढचे टांगेवाले आपोआप बाजूला होतात. पण दर धक्क्याला पाठीचा एकेक मणका वेगळा मोजता येतो, आणि पेट्रोलचा वास माझ्या लोण्याला लागेल म्हणून मी मडकं मांडीवर घेऊन बसले. शिवाय तो स्वतः. चालवता चालवता तो मला सांगत होता की त्याच्या इंजिनात किती घोडे आहेत.

"मग त्यातले दोन खाली उतरव आणि मागे बांध," मी म्हणाले. "पेट्रोल किती उरलंय?"

"आहे की."

काटा बघायला मला शाळा लागत नाही. काटा झोपायच्या तयारीत होता. अदिसात सणाच्या आधी पंपांवर अशा रांगा लागल्या होत्या की गाडीवाले गाडीतच दाढी करत होते. देगिफेने दोन दिवस रांग लावली नव्हती. त्याला वाटलं, वाटेत मिळेल.

वोलिसोत पोचलो तेव्हा सूर्य दोन बोटं वर आला होता. झिनाश आमच्या आधी पोचली होती, हॉटेलच्या चार्जरपाशी उभी. हॉटेलचा चार्जर नवा, झळझळीत, आणि त्याच्या पेटीला कुलूप.

"किल्लीवाला कुठे आहे?" मी हॉटेलच्या बाईला विचारलं.

"तो गुरागेच आहे ना, एतेते," ती म्हणाली. "गावी गेलाय. मेस्केलला."

आता मी त्याला शिव्या कशा घालू? मीही त्याच कामाला निघाले होते.

झिनाशच्या गाडीत बहात्तर किलोमीटर चालतील एवढी वीज होती. गाव ऐंशीवर. तिने कागद काढला आणि त्यावर काहीतरी लिहायला लागली.

"हे बघ," देगिफे म्हणाला, "तू इथेच राहा. किल्लीवाला दोन दिवसांनी येईल. गप्पा मार त्याच्याशी. एमाये, चल."

माझाच निकाल होता की इथून पुढे झिनाशच्या गाडीत बसायचं. पण मला सेब्रो दिसत होता, बैलाच्या शिंगावर हात ठेवून उभा. मी देगिफेच्या गाडीत बसले. झिनाशने माझ्या बाजूचं दार हळूच लावलं. मोठ्याने आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"मी हळूहळू येते मागून," ती म्हणाली. "जाईल तिथपर्यंत."

वोलिसोच्या पंपावरची रांग चर्चच्या दारापर्यंत गेली होती. देगिफेने ती पाहिली, डोकं खाजवलं, आणि गावाबाहेर रस्त्याकडेला एक बाई पिवळा डबा घेऊन बसली होती तिच्याकडून पेट्रोल घेतलं. मी खिडकीतून त्या बाईकडे बघत होते. तिने त्याच्याकडे एकदाही वर बघितलं नाही.

"देगिफे," मी म्हणाले, "जी बाई गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देत नाही, तिचा माल घेऊ नये."

"एमाये, हे लोणी नाही."

तेच तर. लोण्यात कोणी उकडलेला बटाटा मिसळला तर मी ते नाक न लावता ओळखते. पेट्रोलमधलं पाणी मला ओळखता येत नाही, आणि त्यालाही येत नाही, फक्त त्याला ते माहीत नाही.

पंचवीस किलोमीटर गेल्यावर गाडी खोकली. मग शिंकली. मग एका चढावर आम्हाला तीन हिसके देऊन थांबली. देगिफेने झाकण उघडलं. उंच गाडीचं झाकण उघडून त्यात डोकं घातलेला पुरुष बाहेरून फार जाणकार दिसतो. मी बराच वेळ त्याची पाठ बघितली.

"सगळे घोडे मेले का?" मी विचारलं.

"पाणी होतं, एमाये. पेट्रोलमध्ये."

"मग घोडे पाणी पितात की."

झिनाश आली ती आवाज न करता. ती आली हे मला तिची सावली पडली तेव्हा कळलं. ती उतरली, दादाकडे बघितलं, उघड्या झाकणाकडे बघितलं. हसली नाही, टोमणा मारला नाही. देगिफेने कान लाल करून वाट पाहिली, तरी नाही. मग तिने माझ्या हातातलं मडकं घेतलं.

"पन्नास किलोमीटर दाखवतेय," ती म्हणाली. "गाव पंचावन्न. वाटेत वोल्किते लागतं, तिथे चार्जर नाही. पण वजन कमी केलं, ए.सी. बंद केला, हळू गेलो, तर होईल कदाचित. नक्की सांगत नाही."

"वजन म्हणजे काय?"

ती देगिफेकडे बघायला लागली. देगिफे वजनदार आहे, माझंच खाऊन झालाय.

"मी थांबतो गाडीपाशी," तो म्हणाला. "पोतं, तिखट, टोपली सगळं इथे ठेवा. कोणीतरी ट्रकवाला ओढून नेईल मला. एमाये, तू जा. सेब्रोकाकाला जागा देऊ नकोस."

त्याने ते असं म्हटलं की मला त्याच्या गाडीला बोललेलं सगळं परत घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही, पण वाटलं.

वाऱ्याने वीज खाऊ नये म्हणून काचा बंद, ए.सी. बंद. आत असं उकडत होतं की मांडीवरच्या मडक्यातलं लोणी वितळायला लागलं आणि त्याबरोबर मीही. चाळीसच्या वेगाने. एका भरलेल्या बसने आम्हाला मागे टाकलं आणि टपावर बसलेल्या दोघा माणसांनी आम्हाला टाळ्या वाजवल्या. झिनाश दोन्ही हातांनी चाक धरून सरळ बघत होती, परीक्षेला बसल्यासारखी.

"कळलं, एमाये," थोड्या वेळाने ती म्हणाली. "सगळे म्हणाले होते, आपल्या देशात वीज कधी जाईल सांगता येत नाही, अशी गाडी घेऊ नको. मी ऐकलं नाही. आज तुला उशीर झाला तर माझ्यामुळे. सणानंतर विकून टाकते हिला."

मी बाहेर बघितलं. शेतातली केळीसारखी दिसणारी झाडं हळूहळू मागे जात होती. मी आयुष्यात फार थोड्या वेळा चुकले आहे, आणि त्यातल्या बहुतेक वेळा कोणी बघत नव्हतं. आताही कोणी बघत नव्हतं. तोंड उघडलं नसतं तर तिला कधीच कळलं नसतं.

"वीज जायच्या आधीच वायर निघालेली होती," मी म्हणाले.

"काय?"

"मी काढली. इंजेऱ्याला तवा लावायचा होता."

तिने माझ्याकडे बघितलं. इतका वेळ, की मला म्हणावं लागलं, "रस्ता बघ."

"आणि परत लावली नाहीस?"

"त्या टोकाला हात लावायला नको वाटलं."

"पहाटे सांगितलं का नाहीस?"

"पहाटे देगिफे होता."

आता ती हसेल की रडेल ते मला कळेना. तिने रडायला सुरुवात केली आणि मध्येच हसायला लागली. गाडी हलली, पडद्यावरचा आकडा एकने खाली गेला, तशी ती घाईने गप्प झाली.

"हसू नको," मी म्हणाले. "हसण्याने वीज संपते."

मग ती मला शिकवायला लागली, मास्तरीण ती. आणि मी ऐकलं, कारण मला हक्कच उरला नव्हता. उतारावर पाय उचलायचा, म्हणजे गाडी आपल्याच वजनाने बॅटरी भरते. नदीच्या उतारावर तिने पाय उचलला. गाडी घरंगळत निघाली, आणि पडद्यावरचा आकडा वर गेला. एकाने. मी चष्मा पुसून परत बघितला. वर गेला होता. देगिफेच्या गाडीला उतार म्हणजे नुसता करपलेल्या ब्रेकचा वास. हिने उताराकडून वसूल केलं. माझ्यासारखी आहे ही गाडी, मी मनात म्हटलं, गेलेलं सोडत नाही. झिनाशला सांगितलं नाही. एका दिवसात एकच कबुली पुरे.

चढावर मात्र आकडा असा पडायचा, की मी मडकं आणखी घट्ट धरायचे. एमदिबीर गाव मागे पडलं, मातीचा रस्ता लागला. मग आकडाच गेला. तिथे नुसत्या दोन रेघा आल्या.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे तिलाही माहीत नाही," झिनाश म्हणाली.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा आम्ही टेकडीवर होतो, घर खाली दिसत होतं. सूर्य किंचित कलला तेव्हा गाडी आमच्या कुंपणाशी येऊन थांबली, आणि सगळे दिवे आपोआप विझले.

अंगणात माणसंच माणसं, सगळ्यांच्या पाठी आमच्याकडे. मध्ये बैल. सेब्रोचा हात बैलाच्या कपाळावर, आणि तो म्हणायला लागला होता. कोणी वळून बघितलं नाही. त्यांचे कान इंजिनकडे लागले होते, आणि इंजिन आलंच नव्हतं. एकदा सुरू झालेला आशीर्वाद मध्ये तोडत नाहीत. ते मलाही माहीत होतं. मी हरले होते. मडकं हातात धरून मी त्यांच्या मागे उभी राहिले, अगदी जिथे उभं राहायचं नव्हतं तिथेच.

सेब्रोने गायीगुरांसाठी म्हटलं. पावसासाठी म्हटलं. मग म्हणाला, "आमची एतेते वाटेत आहे. तिला सुखरूप आण. तिला उशीर झाला तर तिची चूक धरू नकोस, पोरांच्या गाड्या धड नाहीत." लोक हळूच हसले. त्याच्या आवाजात खोकला नव्हता. मी इतकी वर्षं त्याला एवढं जवळून कधी ऐकलंच नव्हतं. मी नेहमी बोलत असायचे.

मग गेलेल्यांची नावं आली. वडील, आजोबा, त्यांचे वडील. ती एका दमात म्हणायची असतात. सेब्रो दुसऱ्या नावापाशी थांबला. परत सुरुवात केली. परत तिथेच थांबला. त्याच्या मानेवर घाम आलेला मला दिसला. बैलाने डोकं हलवलं. गाशे नीदांनी घसा साफ केला.

मला फक्त गप्प उभं राहायचं होतं. अजून दोन क्षण, आणि गाशे नीदा म्हणाले असते, याला येत नाही, आता एतेतेच येईल तेव्हा म्हणेल. सगळ्या अंगणासमोर. जागा माझी, कायमची, आणि त्याची मान खाली, तीही कायमची.

"वोल्डेचा बाप अर्गा," मी मागून म्हणाले. "अर्गाचा बाप चेमेरे. चेमेरेचा बाप दामो."

सगळं अंगण वळलं. बैलसुद्धा. सेब्रो एवढा दचकला की त्याचा हात बैलाच्या कपाळावरून निसटला.

"पुढे म्हण," मी म्हणाले. "थांबलास का? हात ठेव."

त्याने हात ठेवला. मी एकेक नाव सांगितलं, त्याने ते मोठ्याने म्हटलं, सातव्या पिढीपर्यंत. शेवटचं, यंदा नव्याने जोडलेलं नाव वोल्डेचं होतं. ते मला सांगावं लागलं नाही. ते त्याने माझ्या आधी म्हटलं.

दुपारी देगिफे आला, एका ट्रकच्या मागे दोर बांधून, चाळीस इंजेऱ्यांसकट. त्याच्या गाडीकडे आणि झिनाशच्या गाडीकडे बघून गावातल्या पुरुषांनी वाद सुरू केला. पेट्रोल बरं की वीज बरी. आज दोन्ही गाड्या अंगणात मेलेल्या पडल्या होत्या, त्यामुळे वाद फार रंगला. मी त्यात पडले नाही. मी कितफोसाठी कच्च्या खिम्यात लोणी कालवत होते.

गाशे नीदा माझ्याजवळ येऊन बसले. "सुरू त्याने केलं, पुरं तू केलंस," ते म्हणाले. "आता पुढच्या वर्षीचं काय ते ठरवायला हवं. लोक विचारतायत."

मी सेब्रोकडे बघितलं. तो लांब उभा राहून ऐकत नसल्याचं नाटक करत होता.

"त्यालाच म्हणू दे," मी म्हणाले. "आवाज त्याचा चांगला आहे. पण मी त्याच्या शेजारी उभी राहणार. मागे नाही, शेजारी. आणि नावं मी सांगणार. हे तुम्हा सगळ्यांना चालत नसेल तर—"

पुढे मला बरंच काही म्हणायचं होतं. पण सेब्रो येऊन माझ्यासमोर उकिडवा बसला, इंजेऱ्याच्या तुकड्यात कितफो गुंडाळून मानाने माझ्या तोंडाशी आणला, आणि एवढा मोठा घास आत कोंबला की मला कितीतरी वेळ एक शब्द बोलता आला नाही. बहुतेक त्याचा हेतूच तो होता.